तुलनेचं गाव

गोजरअक्काचं गाव तुलनेत गेलं ते माझ्याच हातानं गेलं. चिठ्ठी मी काढली. आता कोणी म्हणंल, चिठ्ठी काढणाऱ्याचा काय दोष, आत जे असंल ते निघतं. दोन वर्स मी पण हेच म्हणत होतो.

सत्त्याण्णव सालची गोष्ट. मी अंबडला राहायचो. अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झाल्तो आन् दीड वर्सापासून घरात बसून पेपरातल्या नोकरीच्या जागा वाचून राह्यलो होतो. एक दिवस छापून आलं की पुण्याच्या एका संस्थेला सरकारी योजनांची तपासणी करायला जालना जिल्ह्यातली शिकलेली पोरंपोरी पाहिजेत. शिकवणार तेच, काम पण तेच देणार. नवीन जालन्यात, स्टेशनाच्या रस्त्यावर, एका बियाण्याच्या दुकानाच्या वर हॉल होता. खाली सरकीचा वास, वर अर्थशास्त्र. आमी चौदा जण होतो. शिकवायला प्राध्यापक अण्णासाहेब.

अण्णासाहेब सर आपल्याच भागातले, परतूरकडले. पण पुण्यात राहून राहून त्यांची भाषा इस्त्री केल्यासारखी झाल्ती. पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर काहीच लिहिलं न्हाई. नुसतं विचारलं, "गावात हातपंप आला. पुढच्या वर्षी जुलाब कमी झाले. कशामुळे?"

"हातपंपामुळं," आमी चौदा जण एका सुरात.

"शेजारच्या गावात हातपंप आलाच नाही. तिथेही जुलाब कमी झाले. आता?"

मी हात वर केला. "सर, तिथले लोक इकडून पाणी नेत असतील."

सर हसले. "नाव काय तुझं?"

"संपत."

"संपत, तू एक तर फार पुढे जाशील, नाही तर माझं वाटोळं करशील."

मला ते लई आवडलं. पहिला भाग, म्हणजे.

मंग त्यांनी ती युक्ती शिकवली. जिथं योजना दिली तिथलं आधीचं मोजायचं आन् नंतरचं मोजायचं. जिथं दिली न्हाई, पण बाकी सगळं तसंच हाय, तिथलं पण आधीचं आन् नंतरचं मोजायचं. दोन्हीकडचे फरक काढायचे. मंग ह्या फरकातून तो फरक वजा करायचा. उरंल तो योजनेचा गुण. बाकी सगळं पाऊसपाण्याचं, बाजारभावाचं, नशिबाचं.

मी येडाच झालो. आजवर आमदार म्हणत, आमच्यामुळं झालं. विरोधी म्हणत, काहीच झालं न्हाई. आन् गाव दोघांना चहा पाजायचं. आता माझ्या हातात असं हत्यार आल्तं की दोघांची तोंडं बंद. घरी येऊन मी दोन टोपल्यांत मेथी लावली, एकीला खत, एकीला न्हाई. शेजारणीच्या शेळीनं दोन्ही खाल्ल्या. सरांना सांगितलं तर म्हणले, "याला नमुना गळती म्हणतात. वहीत लिहून ठेव." मी शेळी वहीत लिहून ठेवली.

पण सगळ्यात पक्का नियम सरांनी शेवटच्या दिवशी दिला. "आकडा गाळायचा नाही. नावडता आकडा गाळणारा आणि काटा मारणारा दुकानदार, दोघांत मला फरक काढून दाखवा." मी ते लाल शाईनं लिहिलं.

योजना होती बिनधुराच्या चुलीची. मातीची दोन तोंडाची चूल, मागून पत्र्यातून वर गेलेला नळा. धूर बाहेर, बाई आत. सरकारचा सवाल होता, ह्या चुलीनं बायांचा खोकला कमी होतो का, छातीत दम राहतो का. अंबड ते घनसावंगी बारा गावं निवडली. साखरेच्या डब्यात बारा चिठ्ठ्या टाकल्या. पहिल्या सहा लाभाची गावं, म्हणजे चूल लगेच. उरलेली सहा तुलनेची, म्हणजे चूल दोन वर्सांनी. तालुक्याच्या साहेबांसमोर सर बोलले होते, "तुलनेच्या गावांवर अन्याय नाही. अभ्यास संपला की पहिला नंबर त्यांचा."

सहा निघाल्या. सातवी काढायला सरांनी मला बोलावलं. मी डबा हलवला, हात घातला, उघडून वाचलं, खडकगव्हाण.

"सर," मी म्हणलं, "हे माझ्या बहिणीचं गाव हाये."

"मग तिथलं काम तुझ्याकडेच. दार उघडायला वेळ लागणार नाही," सर म्हणले आन् फळ्यावर लिहून टाकलं.

आता अक्काचं सांगितलं पाहिजे. आई गेली तवा मी तीन वर्सांचा, अक्का नऊची. तवापासून चूल तिच्याकडं. तिचं लगीन होऊन ती खडकगव्हाणला आली तर मला संगं घेऊन आली, मॅट्रिकपर्यंत तिच्याच घरी राह्यलो. माझं सगळं शिक्षण तिच्या धुरावर झालं. तिचा खोकला म्हणजे घरातली एक वस्तू होती, जात्यासारखी. भाकरीमागं एकदा. आमी पोरं वरून मोजायचो, किती भाकरी झाल्या. डॉक्टरनं दोन डाव सांगितल्तं, बाई, धूर सोडा. ती म्हणली, मंग भाकरी कोन करंल, तुमी?

मी गेलो तवा ती ओसरीत तूर पाखडून राह्यली होती. दाजी, रामराव, बाजेवर आडवे. मी सगळं समजावून सांगितलं.

"म्हंजी लिंबोणीला चूल आन् आमाला न्हाई?" लिंबोणी म्हणजे शेजारचं गाव, ओढ्यापल्याड.

"दोन वर्सांनी. तवर तुमी तुलना."

"तुलना म्हंजी काय करायचं आसतं?"

"काहीच न्हाई करायचं."

दाजी बाजेवरून म्हणले, "ह्या कामात आपलं गाव राज्यात पहिलं येईल."

"तुमी गप ऱ्हा. संपत्या, दोन वर्सांनी नक्की देतीन?"

"सरांनी सगळ्यांसमोर सांगितलंय."

"मी सराचं न्हाई इचारलं. तू सांगून राह्यला का?"

"हो. मी सांगून राह्यलो."

"मंग झालं," अक्का म्हणली आन् सूप झटकलं.

तिनं गावातल्या बेचाळीस घरच्या बाया मारुतीच्या पारावर गोळा केल्या. मी समजावलं, तुमी आपल्या आपल्या चुली बदलायच्या न्हाईत, न्हाई तर आकडा खराब होईल. मला वाटलं ऐकतील न ऐकतील. पण अक्कानं त्याचं व्रतच करून टाकलं. सोळा सोमवार असतात तसे हे चोवीस महिने. कोणी मोडायचं न्हाई.

पुढं काय झालं ते ऐका. एक जण सूर्यावर शिजवायची पेटी फुकट वाटायला आला, बायांनी परत लावला, "आमी तुलनेत हावोत." घनसावंगीचा गॅसवाला आला, त्याला पण तेच. आरोग्य केंद्रातली नर्सबाई खोकल्याचं औषध घेऊन आली, तर अक्का म्हणली, "दोन वर्सांनी या बाई, आता आमचा आकडा खराब होतो." हे मी सांगितलं नव्हतं. औषध घेऊ नका असं कोणत्या पुस्तकात लिहिलंय? पण मला कळलं तवा मी काय केलं असंल? अक्काकडं जाऊन सांगितलं असंल, अगं बाई, औषध घे? न्हाई. जालन्याला जाऊन सरांना सांगितलं, छाती फुगवून. सरांनी हॉलमधे सगळ्यांना सांगितलं, "असं गाव जगात मिळायचं नाही." त्या दिवशी मी पेढे वाटले.

दाजींचं एक झालं. लिंबोणीत एका घरी नळा जास्तीचा उरला होता, तो त्यांनी खांद्यावर टाकून आणला. अक्काला सांगायचं न्हाई, हळूच बसवून टाकायचा असा बेत. मी नेमका त्याच दिवशी आल्तो.

"दाजी, परत नेऊन द्या."

"आरं तिचा रातंदिस खोकला ऐकतो कोन, तू का मी?"

"दीड वर्स झालं, सहा महिने राह्यलेत. आता मोडलं तर सगळं वाया."

दाजींनी अक्काकडं पाह्यलं. अक्का नळ्याकडं बघत होती. हात लावला न्हाई, नुसती बघत होती. मंग म्हणली, "घेऊन जा वापस. संपत्याचं काम खराब होईल." दाजी नळा घेऊन ओढा उतरले, पुढचा महिनाभर माझ्याशी बोलले न्हाईत.

तिकडं लिंबोणीत चुलीचं काय झालं? ते गाव पण माझ्याकडंच होतं, मधे एकदा पाहून आलो. द्वारकाबाई म्हणून तिथली पुढारीण. तिची चूल अशी चकचकीत की वाटावं कालच केली. हळदकुंकू वाहिलेलं, पुढं रांगोळी, एका तोंडात कोंबडी अंड्यावर बसलेली.

"मावशी, स्वयंपाक कुठं?"

"आंगनात. तीन दगडावर. एवढ्या चांगल्या चुलीला काजळी लावायची का बाबा? सरकारी हाय, उद्या कोनी बघायला आलं मंग?"

पुढच्या घरी नळा काढून न्हाणीचं पाणी लिंबाच्या झाडाला सोडलं होतं. झाड मातर जोरात होतं. तिसऱ्या घरी चूल खरंच वापरत होते, आन् त्या बाईचा खोकला खरंच कमी झाल्ता. मी तिघींचं बराबर लिहून घेतलं. सरांनी सांगितल्तं, दिली म्हणजे दिली. वापरली का न्हाई हा वेगळा प्रश्न.

अंबडच्या बाजारात मातर द्वारकाबाईची जीभ सुटली. खडकगव्हाणच्या बाया भाजी घ्यायला बसल्या की ही मोठ्यानं म्हणायची, "आल्या का गं तुलनेच्या? सरका, सरका, तुलनेच्या बायांना जागा द्या, त्यांना काईच भेटलं न्हाई, जागा तरी भेटू द्या." सगळा बाजार हसायचा. आमच्या गावाचं नावच पडलं, तुलनेचं गाव. सोयरीक जमवायला गेले तरी लोक विचारायचे, ते तुलनेचं का? अक्का बाजारात उलटून काही बोलली न्हाई. एवढंच म्हणली, "मोजायला येऊ दे. मंग दावते."

ह्या 'दावते'चा अर्थ मला तवा कळला असता तर पुढचं टळलं असतं.

नव्व्याण्णवच्या फेब्रुवारीत दुसरं मोजमाप. मोजायला एक पांढरी प्लास्टिकची नळी होती, हातभर न्हाई, वीतभर. वरून आकडे, मधे लाल काटा. एका दमात जोरात फुंकायचं, काटा जिथं थांबंल तो आकडा. पहिल्या डावाला सगळ्या गावच्या बाया लाजल्या होत्या, तोंडाला पदर, अर्धी फुंक नळीत, अर्धी पदरात. सगळीकडं दोनशे-दोनशेदहाच्या आसपास आलं होतं.

ह्या डावाला लिंबोणीत कोणी उठवलं होतं की ज्यांचा दम कमी भरंल त्यांना नवीन काहीतरी येणार हाये. द्वारकाबाईनं चहाच्या बशीवर फुंकावं तसं फुंकलं आन् भिंत धरून बसली. "बघ बाबा, काई राह्यलं न्हाई माझ्यात." सगळं गाव तसंच. पहिल्यापेक्षा पंधरा कमी.

दुसऱ्या दिवशी मी खडकगव्हाणला आलो तर मारुतीच्या पारापुढं बेचाळीस बाया ओळीनं उभ्या. पदर खोचलेले. दोन महिने अक्का त्यांच्याकडून तयारी करून घेत होती. चुलीच्या फुंकणीतून फुंकायचं, समोर दोरीला कोंबडीचं पीस बांधलेलं. रोज दोरी एक हात मागं. पीस हाललं पाहिजे. ह्या बाया, जन्मभर ओल्या सरपणावर फुंकणी मारलेल्या. त्यांच्यापुढं माझी ती वीतभर नळी म्हणजे काय!

पहिलीनं फुंकलं. काटा तीनशे साठ. टाळ्या. दुसरी तीनशे नव्वद. म्हातारी नंदाबाई, दात एक न्हाई, ओठ मुठीत धरून तिनं तीनशे दहा काढले. बाप्ये घरातून बाहेर आले, कोणी आकडे ओरडून सांगायला लागलं. मी म्हणत राह्यलो, "अहो, हे असं न्हाई, नेहमीसारखं फुंका," पण माझं कोण ऐकतं.

शेवटी अक्का. तिनं दोन्ही पाय रोवले, डोळे मिटले आन् फुंकलं. काटा चारशे चाळीसवर जाऊन अडकला. बाया आरडल्या. "लिंबोणीला सांगा म्हणावं!"

अक्का हसली, नळी माझ्या हातात दिली, आन् पाराच्या मागं जाऊन बसली. मी गेलो तर भिंतीला डोकं टेकून, दोन्ही हातानं बरगड्या धरून खोकत होती. आवाज येऊ नये म्हणून पदराचा बोळा तोंडात. पाच मिन्टं, सात मिन्टं. डोळ्यातून पाणी.

माझ्या फॉर्मवर पुढचा प्रश्न होता, आज खोकला आला का.

"अक्का, हे लिहावं लागंल."

"काय लिहितो? न्हाई म्हणून लिही."

"आत्ता माझ्या म्होरं..."

"तू इचारलं, मी न्हाई म्हणलं. गावच्या इज्जतीचा सवाल हाय."

आन् आमाला शिकवलं होतं, उत्तर देणारा जे सांगंल तेच लिहायचं, आपलं मत घालायचं न्हाई. मी लिहिलं, न्हाई.

जालन्यात कंप्युटर सत्यशीलाकडं होता. सत्यशीला आमच्याच तुकडीतली, गुरुजींची पोरगी, आमच्यात हुशार तीच. तिनं बाराही गावांचं घातलं. लाभाच्या सहा गावांत मिळून दम सरासरी दहानं वाढला होता. तुलनेच्या पाच गावांत पाचनं कमी झाल्ता. आन् सहाव्या तुलनेच्या गावात एकशे ऐंशीनं वाढला होता. एकट्या खडकगव्हाणानं सगळ्या तुलनेची सरासरी सव्वीसवर नेऊन ठेवली. दहातून सव्वीस गेले. वजा सोळा.

म्हणजे हिशोबानं, सरकारी चूल बसवली की बाईचा दम सोळानं जातो. खोकल्याचा तक्ता तर बघवत नव्हता. खडकगव्हाणात अख्ख्या गावात कोणालाच खोकला न्हाई.

सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. वजा सोळा तसंच. पुन्हा पुसला.

"खडकगव्हाण कोणाकडे होतं?"

"माझ्याकडं, सर." आन् मी पाराचं, फुंकणीचं, पिसाचं, सगळं खरं खरं सांगून टाकलं. अक्काच्या खोकल्याचं पण. "सर, हे जसंच्या तसं अहवालात लिहू. ह्या गावात असं का झालं, ते पण शिकण्यासारखंच हाये."

"अगदी बरोबर बोललास," सर म्हणले. माझ्या पाठीवर हात ठेवला. "असं प्रामाणिक काम पाहिजे."

"आन् सर, तुलनेच्या गावांना चुली?"

"यादी तयारच आहे. बहिणीला सांग, निश्चिंत राहा."

मी त्याच दुपारी जीप धरून खडकगव्हाणला गेलो आन् सांगितलं. अक्कानं माझ्या तोंडात गूळ घातला. मी गावाची वेस ओलांडतोय न ओलांडतोय तवर मागं ठोकाठोकी सुरू झाली. अक्का म्हणली होती, गवंडी आला की त्याचा येळ जायला नको, नळ्याची भोकं आपण करून ठेवू. दोन दिवसांत बेचाळीस घरांच्या पत्र्याला भोकं पडली. जुन्या चुली पण फोडून जागा सारवून ठेवल्या, तीन दगडं मांडून काम भागवलं.

मे महिन्यात नवीन जालन्यात एका मंगल कार्यालयात अहवालाचं प्रकाशन झालं. लगीनसराईचे दिवस, नवरानवरीच्या त्या लाल मखमलीच्या खुर्च्या स्टेजवरच होत्या. एकीवर मोठे साहेब बसले, दुसरीवर अण्णासाहेब सर. मागं भिंतीवर थर्माकोलचे दोन बदाम तसेच. टाळ्या वाजल्या. आमाला एकेक प्रत भेटली, वर पिवळं कव्हर.

मी थेट तक्ता काढला. फरक, अधिक पंधरा. गावं मोजली. अकरा. पुन्हा मोजली. अकराच.

सत्यशीला शेजारी होती. ती समोर बघतच हळू म्हणली, "तळाला बारीक अक्षरात हाय."

तळाला लिहिलं होतं की खडकगव्हाण हे गाव विश्लेषणातून वगळण्यात आले आहे, कारण तेथील स्थानिक अन्वेषक संपत यांनी उत्तर देणाऱ्यांशी असलेले नाते लपवून ठेवले व त्यांच्याकडून चाचणीची पूर्वतयारी करून घेतली.

"तुला माहीत होतं?"

"मीच टाइप केलं," ती म्हणली. "संपत, मला पुढच्या अभ्यासावर घेऊन राह्यलेत. घरात कमावणारं दुसरं कोणी न्हाई. मी सांगणार होते तुला."

"कधी?"

तिनं स्टेजकडं बघून टाळ्या वाजवल्या.

जेवणाच्या पंगतीत मी सरांना गाठलं. त्यांच्या पानात जिलबी होती.

"सर, नातं मी लपवलं न्हाई. चिठ्ठी निघाली तवाच सांगितल्तं. तुमी म्हणले, दार उघडायला वेळ लागणार नाही."

"आठवतंय मला."

"आन् फुंकायचं मी शिकवलं न्हाई."

"तेही माहीत आहे रे."

"आन् आकडा गाळायचा न्हाई, हे..."

"गाळला नाही, संपत. वगळला." त्यांनी जिलबी मोडली. "हे बघ. वजा सोळा घेऊन गेलो असतो तर योजना बंद. अकरा गावांचं नुकसान एका गावापायी? मग कारण काहीतरी लिहावं लागतं. संस्थेची चूक लिहिली तर संस्था बसली. तुझं काय? तळटीप कोण वाचतं?"

"मंग खडकगव्हाणच्या चुली?"

"यादी अभ्यासातल्या गावांची आहे. तुमचं गाव आता अभ्यासात नाही."

"मंग दोन वर्स ते कशात होतं, सर?"

सरांनी ह्यावर खरंच विचार केला. मी बघत होतो. मंग वाढप्याला हाक मारली, "मठ्ठा आणा इकडे."

खडकगव्हाणला गेलो तर बेचाळीस पत्र्यांवर बेचाळीस भोकं, वरून ऊन घरात पडलेलं, प्रत्येक घरात रुपयाएवढा न्हाई, ताटाएवढा उजेड. अक्का ओसरीत उभीच होती. "गवंडी कधी येतो?"

मी पिवळं पुस्तक उघडून सगळं वाचून दाखवलं. तळाचं बारीक पण.

"म्हंजी तू आमाला शिकवलं म्हणून आमचं गाव काढलं?"

"हो."

"काय शिकवलं?"

"फुंकायला."

अक्का हसायला लागली. "मला? फुंकायला? तू? आरं नऊ वर्साची होते तवापासून फुंकून राह्यले मी, तुझ्या दुधाखाली जाळ कोन करत होतं?" हसता हसता खोकला आला, खोकता खोकता हसू गेलं. दाजींनी पाणी आणून दिलं. प्याली. मंग माझ्याकडं बघितलं न्हाई, पुस्तकाकडं बघितलं.

"त्या बायांना कोन सांगंल?"

मी पुस्तक मिटलं.

"माझ्या शबुदावर ऱ्हायल्या त्या. मी तुझ्यावर. चल पारावर, तूच सांग."

हे कबूल केलं पाहिजे. मी पारावर गेलो न्हाई. म्हणलं, आधी तालुक्याच्या साहेबांना भेटून येतो, काहीतरी मार्ग निघंल, आन् फाट्यावर येऊन जीप धरली. साहेबांना भेटलो पण न्हाई. भेटून काय म्हणणार होतो? छापील पुस्तकात मीच चोर होतो. पारावर अक्का एकटी गेली. कोणी शिवी दिली न्हाई म्हणे. नंदाबाई एवढंच म्हणली, "गोजरा, औषिध तरी घेऊ द्यायचं होतं." आन् सगळ्या उठून गेल्या. त्यानंतर अक्का पाण्याला गेली की हातपंपावरची बोलणी बंद पडायची.

भोकांवर कोणी फरशी ठेवली, कोणी पोतं, एकीनं नवऱ्याची जुनी छत्री उघडून बांधली. पावसाळा कसा निघाला ते मी विचारलं न्हाई. तुलनेच्या बाकी पाच गावांना दसऱ्यापर्यंत चुली पोचल्या.

भाऊबीजेला जावं का न्हाई, दोन दिवस ठरेना. पण एकही साल चुकवलं नव्हतं. गेलो. माझा चुलतभाऊ भिवा पण आल्ता, तो दरसाल येतो. अक्कानं दोन पाट मांडले होते. रांगोळी एकाच पाटाभोवती. मला वाटलं, दुसऱ्याभोवती राहून गेली असंल, खोकल्यानं वाकवत नसंल.

भिवा रांगोळीतल्या पाटावर बसला, मी दुसऱ्यावर. अक्कानं ताट आणलं. भिवाला कुंकू लावलं, डोक्यावर अक्षता टाकल्या, सुपारी आन् अंगठी ओवाळली, दिवा फिरवला, करंजी भरवली. मी टोपी नीट केली, मान पुढं केली. अक्का ताट घेऊन माझ्यापुढून निघून गेली.

"अक्का, माझं?"

"तू तुलनेत."

भिवा मोठ्यानं हसला. मंग तिच्या तोंडाकडं बघितलं आन् करंजी चावायची थांबली त्याची.

"त्याला ओवाळलं, तुला न्हाई," अक्का म्हणली. "दोन वर्सांनी बघू, कोनाला काय झालं ते."

दाजी म्हणले, "अगं, सणाचा दिवस हाय. लेकरू दारात आलंय."

"तुमी मदी पडू नका. आकडा खराब होईल."

ती आत गेली. भिवाचं ताट आलं, पुरणपोळी, आमटी, भजी, वर तूप. भिवा खाली मान घालून जेवला. एकदा त्यानं हळूच अर्धी पोळी माझ्याकडं सरकवली, तर आतून आवाज आला, "भिवा, त्याला देऊ नको." तिला दिसत पण नव्हतं.

मी बसून राह्यलो. अंबडची जीप फाट्यावर उभी असणार, उठून जाता आलं असतं. भिवाची तिसरी पोळी झाली, हात धुऊन झाला, दाजींनी त्याला पान लावून दिलं. आत अक्का राह्यलेल्या पोळ्या लाटत होती.

"अक्का," मी म्हणलं, "आन् दोन वर्सांनी?"

"सांगते की," ती आतून म्हणली, आन् खोकायला लागली.